लोंबतंय ते माझं कातडं आहे, मधू

...आणि हे आता सांगतो मला. दीड वर्षानंतर. म्हणे, "बहिणीचं घेत नसतात ताई, बहिणीले देत असतात."

हे बोलणारा माझा सख्खा लहान भाऊ मधू, हिवरखेडचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा अकोल्याला मशीनवर असतो. महिना झाला, माझा फोन उचलत नाही. पण मशीनवर चार तास मोबाईल बघत पडतो हे मला माहीत आहे, म्हणून इथे फेसबुकवर लिहिते. बाकीच्यांनी वाचायचं तर वाचा.

घरात किडनी जुळली ती माझी एकटीची. शुगर नाही, बीपी नाही... पण वजन एकशे आठ किलो. डॉक्टर म्हणाले, सत्तरच्या आत या, मग बघू. मधू तेव्हा हसला होता. "ताई, तू आलुबोंडे सोडशील त्या दिवशी मी दुसरं लगन करीन." भावजय शेजारीच बसली होती, तीही हसली.

सोडले. मी वलगावला शाळेत खिचडी शिजवते. दीडशे पोरांची खिचडी ढवळायची आणि स्वतः मुगाचं पाणी पिऊन राहायचं, करून बघा एकदा. रोज सकाळी परतवाडा रोडनं चालायची, तर ट्रकवाले हॉर्न मारायचे. तरी चालले.

एकोणसत्तरवर आले. चरबी गेली, कातडं राहिलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

पोटाचं कातडं मांडीवर पडतं, कापूस काढलेल्या उशीच्या खोळीसारखं. परकराचा नाडा बांधायचा तर आधी ते एका हाताने उचलावं लागतं. कुशीवर झोपले तर तेही माझ्या बाजूला येऊन झोपतं. ढवळताना दंडाचं कातडं हलतं, म्हणून मार्च-एप्रिलच्या उन्हातही कोपरापर्यंतचा ब्लाऊज घालते.

आणि आपल्याकडचं ऊन... कातड्याच्या घडीत घाम साचतो, लाल होतं, चिघळतं, वास मारतं. जुनी सुती साडी फाडून पट्ट्या केल्या आहेत. दिवसातून तीनदा घडीखालची पट्टी बदलते, गरम पाण्यात धुते, वाळत घालते. शेजारीण दोरीकडे बघून विचारते, "घरात बाळंतीण आली काय वो?" मी म्हटलं, हो, मीच आहे.

माझ्या बारीक झालेल्या फोटोखाली "ताई टिप्स द्या" लिहिणाऱ्या बायांना हेच सांगायचं होतं. आणि मागून "हिले कॅन्सर झाला, लपवून राहिली" म्हणणाऱ्यांनाही.

डॉक्टर म्हणाले, चिघळलेलं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय ऑपरेशनला हात लावणार नाही. कातडं काढायचं ऑपरेशन वेगळं असतं, ते पुढचं पुढे. दोन महिने पावडर, मलम, पंख्याखाली पडून राहणं... झालं कोरडं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तारीख द्यायला बसले आणि भाऊ म्हणतो बहिणीचं घेत नसतात.

मला खरंच वाटलं, रीत आडवी आली. महिनाभर त्याला शिव्या दिल्या. परवा भावजय घरी आली. कविता नाव तिचं, गरीब बाई आहे. तिच्यावरच घसरले, म्हटलं तुमच्या घरच्या रिती माणूस मेल्यावर पाळा.

ती खाली बघत म्हणाली, "रीत-बीत काई नाई ताई. दिवाळीले तुमी आल्या होत्या, मागच्या खोलीत पट्टी बदलवून राहिल्या होत्या. हे चहाले बोलवाले आले अन् दारातूनच वापस गेले. त्या दिवशी जेवले नाईत. म्हणे, मायासाठी ताईनं अंगाचं हे करून घेतलं, आता तिचं पोट बी फाडू काय?"

माझ्या नवऱ्यालासुद्धा मी ते उजेडात दाखवलेलं नाही. आणि भावाने पाहिलं... आधी लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला. तो अजून गेलेला नाही.

मधू, नीट वाच. तू किडनी घेतली नाहीस म्हणून हे कातडं आपल्या जागी जाणार नाही. ते लोंबतच राहणार, पट्ट्या धुवाव्याच लागणार. फक्त कशासाठी, ते मला कोणाला सांगता येणार नाही. तुला वाटतं तू मला वाचवतो आहेस. तू मला फुकट घालवतो आहेस.

आणि रितीचं म्हणशील, तर मला चौथीतून काढलं ते तुला सांभाळायला. माय-बाप वावरात जायचे आणि तू माझ्या कडेवर. माझी शाळा घेतलीस तेव्हा बहिणीचं घेत नसतात हे कोणाला आठवलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. पण मला रीत शिकवू नको.

तुझी कीव मला नको. मी दुखण्यातून उठलेली बाई नाही, ठरवून इथवर आलेली बाई आहे. डॉक्टर म्हणतात मी एका किडनीवर नीट जगेन. तू मशीनवर किती दिवस, ते त्यांनी मला स्पष्ट सांगितलं नाही... त्यातच मला कळलं.

गुरुवारी मला डॉक्टरांना तारखेचं सांगायचं आहे. बुधवारी तुझी मशीनची पाळी. मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला येते, बाहेरच्या बाकावर बसते. कविताकडून निरोप पाठवू नको. हो का नाही, ते बुधवारी तुया तोंडानं सांग.