चाळणी नव्हे, घोळणी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी अकोल्याला आमची परीक्षा होती… आमची म्हणजे मूर्तिजापूरच्या सतरा बायांची. जी भेटते ती विचारते, काय झालं, काय झालं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

आम्ही दाल मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या. मालकानं सांगून टाकलं, पुढच्या हंगामाला बाहेरून यंत्र येणार, खडे तेच काढणार, तुमचं काम संपलं. मग आम्ही सोसायटी केली. यंत्रच येणार आहे ना… मग आमचं येऊ दे!

त्यासाठी सरकारी अनुदान होतं. पण ते एकट्या सोसायटीला नाही आणि एकट्या कारखान्यालाही नाही. दोघांनी मिळून नवीन यंत्र चालवून दाखवायचं, साहेबाला पटलं तर कागद मुंबईला जाणार. पूर्वी नागपूरला जायचे, राज्य बदललं, आता मुंबई… माणसापेक्षा कागदच जास्त फिरतो.

कारखाना म्हणजे जुन्या शहरातल्या करीमभाईंचं वर्कशॉप. मिस्त्री गुणी माणूस. कागदावर 'चाळणी यंत्र' लिहिलं होतं, तर त्यांनी चाळणी केली. एकाखाली एक दोन जाळ्या आणि बाजूला हातानं फिरवायचं चाक.

अमरावतीहून उद्योग खात्याचे साहेब आले. बोलणं पुणेरी, सारखं घड्याळाकडे बघणं, चारची गाडी गाठायची घाई. मी मुद्दाम खडेवाली डाळ नेली होती. करीमभाईंनी चाक फिरवलं… माती खाली पडली, काड्या वर राहिल्या. झकास!

साहेबांनी मूठभर डाळ तळहातावर पसरली. बोटानं एक खडा बाजूला केला. मग दुसरा, मग तिसरा… डाळीएवढाच खडा, जाळीला काय समजणार?

"हे तर घरच्या चाळणीनंही होतं," म्हणाले, आणि फाईल बांधायला लागले.

माझ्यासोबत आमची कौसल्या आली होती. ती कानात म्हणाली, "झालं वं बाई. चाल आता वावरात निंदाले."

माझं डोकं फिरलं. "करीमभाई, तुमच्या घरी दाळीतले खडे चाळणीनं काढतेत का?"

"नाही बा. सुपानं."

"मंग हे काहून केलं?"

"कागदावर तसंच लिवेल होतं ना, बाई! मी काय दाळ निवडतो?"

खरंच होतं. आणि कागद भरताना 'चाळणी' मीच सांगितली होती. म्हटलं, सरकारी कागद आहे, त्यात सूप कसं लिहायचं… हसतील लोक. मलाच लाज वाटली होती. म्हणजे सतरा जणींचं काम बुडत होतं ते माझ्या लाजेपायी.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "गाडी उद्या बी आहे."

असं कोणी त्यांच्याशी बोललं नसावं… थांबले बिचारे. करीमभाईंचं घर वर्कशॉपच्या मागेच. मी त्यांच्या बायकोकडून सूप आणलं, खाली बसले आणि डाळ घोळायला लागले.

पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं. पाखडलं की भुसा उडतो. घोळताना सूप थोडं पुढं कलतं धरायचं, पुढं झटका द्यायचा आणि मागं हळूच घ्यायचं. डाळ वरून घसरत पुढं जाते, खडा जड, तो तळाशी धरून मागं हाताकडे येतो. जन्मभर केलं, पण हे असं तोंडानं कधी सांगितलं नव्हतं.

साहेब डाळ बघत होते. करीमभाई माझं मनगट बघत होते.

"बाई, पुन्हा करा. हळू… अजून एकदा."

"किती वेळा करू? तुमचा डोया काय गहाण पडला?"

"रागवा तुमी, पण हात थांबवू नका."

पाचव्यांदा केलं तेव्हा ते उठले. जाळ्या काढून फेकल्या. एक पत्रा ठोकून ठोकून खरबरीत केला, सुपासारखा कलता बसवला. चाकावर लाकडाचा ठोकळा मारला आणि समोरून एक स्प्रिंग ताणली. ठोकळा पत्र्याला हळू मागं ओढतो, सुटला की स्प्रिंग पुढं झटका देते. माझं मनगटच… लोखंडाचं!

पहिल्यांदा डाळ सगळी खाली सांडली. कौसल्या हसली, तिला मी दटावलं. दुसऱ्यांदा उतार कमी केला. तिसऱ्यांदा डाळ पुढं निघाली आणि खडे एकेक करत मागं चढायला लागले, शहाण्यासारखे. साहेबांनी पुन्हा मूठ भरली. एक खडा नाही.

चारची गाडी गेली होती. त्यांनी फाईल सोडली, 'चाळणी' खोडून 'घोळणी' लिहिलं. मग विचारलं, कल्पना कोणाची? करीमभाई म्हणाले, "बाईची. पत्रा माझा, झटका त्यायचा."

"शिक्षण?"

"मराठी दुसरी."

साहेबांचा पेन थांबला. "हवं तर हा रकाना रिकामा ठेवतो…"

"काहून? दुसरी लिवा. आन् ठसठशीत लिवा."

लिहिलं त्यांनी. खाली मी सही केली… वेळ लागला, पण अख्खं नाव काढलं.

काल कागद आला. मंजूर! सतरा जणींना मीच वाचून दाखवला, अक्षरं जुळवत जुळवत. मला घाई करा म्हणायची एकीचीही हिंमत झाली नाही.

एकच सांगते. त्या कागदावर खरं नाव माझ्या मायचं पाहिजे होतं, घोळणं तिनं शिकवलं, टाळूवर टपल्या मारून. तिचं शिक्षण विचारलं असतं तर मात्र साहेबाची पंचाईत झाली असती… तिनं उलट त्यालाच विचारलं असतं, तुले सूप धरता येते का?