रेंजची खोली

आमच्या बेटावरचं हॉटेल म्हणजे आमची वहिनी. मालक राहतो किनाऱ्यावरच्या शहरात, हॉटेल चालतं हिच्या जिवावर. चादरी शेजारपाजारच्या बायका धुतात, पाहुण्यांना होडीतून आणणं-नेणं माझ्याकडे. वीस वर्षं सगळ्यांना धाकात ठेवलंय बाईनं. माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, तोही तिच्यापुढे ब्र काढत नाही.

तिचा एक नियम होता. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली पाहुण्यांना द्यायची नाही. अख्ख्या बेटावर मोबाइलला रेंज येते ती फक्त त्या खिडकीपाशी. कुणी आजारी पडलं, कुणी अडली, की तिथं आणायचं आणि किनाऱ्यावरच्या नर्सबाईंना फोन लावायचा.

नेमकी त्या दिवशी वहिनी विरघळली. एका पाहुण्याच्या आईचं शहरात ऑपरेशन होतं आणि वाऱ्यामुळे होडी बंद. "दुपारपुरता बसू दे बिचाऱ्याला," म्हणाली.

दुपारीच माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. तिला उचलून आणतो तर खोलीला आतून कडी. "दहा मिनिटं थांबा, डॉक्टरांचा फोन यायचाय," पाहुणा आतून ओरडला.

माझं डोकंच सटकलं. दार उघडल्या उघडल्या त्याची कॉलर धरली. वहिनीलाही नको नको ते बोललो. हिला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही, म्हणालो. त्या माणसानं बायकोकडे एकदा पाहिलं आणि फोन खिशात टाकून बाहेर गेला.

पुढचे दोन तास मी खिडकीपाशी फोन धरून उभा होतो. नर्सबाई सांगतील तसं वहिनी करत होती. बाळ बाहेर आलं, पण रडेना. "पाठ चोळा, थांबू नका," नर्सबाई म्हणाल्या. वहिनी चोळत राहिली. मी मनात नाही नाही ते देव आठवले. मग एकदाची पोरगी रडली आणि वहिनी मटकन खाली बसली.

तेवढ्यात तो माणूस गरम पाण्याची बादली घेऊन आला. सगळा वेळ तोच पाणी तापवून दाराशी ठेवत होता, म्हणे. बादली ठेवून त्यानं खिशातला फोन काढला. खिडकीपाशी येताच मेसेज धडाधड वाजू लागले.

त्याची आई गेली होती. शुद्धीवर आल्यावर तिनं दोनदा त्यालाच फोन लावायला सांगितलं होतं.

वहिनीनं उठून त्याला जवळ घेतलं. मी पोरीला छातीशी धरून उभा होतो.