आल्मूटच्या हातांना चाललेलं क्रीम

हिनर्क ल्यूर्स हाम्बुर्गच्या एका क्रीमच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता, आणि त्याने बनवलेलं एकही क्रीम त्याच्या बायकोला चालत नसे. हवेपाण्याबद्दल बोलावं तितक्या शांतपणे तो हे सगळ्यांना सांगायचा. मी प्रयोगशाळेत त्याच्या शेजारच्या टेबलावर असल्यामुळे मला जरा जास्तच वेळा.

आल्मूटचं फुलांचं दुकान होतं. ट्यूलिपच्या रसाने फुलवाल्यांच्या बोटांना भेगा पडतात, तशा तिच्याही पडायच्या. वर क्रीम लावलं की आग. तेल आणि पाणी एकत्र राहावं म्हणून आम्ही साबणाच्या जातीचं एक रसायन घालायचो, नेमकं तेच तिला सोसत नव्हतं. शेवटी ती गाईच्या सडांना लावायचं मलम वापरू लागली. डबा बेसिनवरच, आल्यागेल्याला दिसेल असा.

"निदान कपाटात तरी ठेव," हिनर्क म्हणायचा.

"का? गाईंची काही तक्रार नाही."

मग हिनर्कने साबणाचा नादच सोडला आणि सिलिका घेतली. सिलिका म्हणजे तशी वाळूच, पण पिठाहून कितीतरी बारीक. तिचे कण तेलाच्या थेंबाभोवती दाटीने बसले की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. पण साध्या सिलिकेला पाण्याची फार ओढ. ती थेंबाकडे फिरकतच नाही. म्हणून हिनर्कने कणांवर पाण्याला दूर ठेवणारा लेप चढवला. पण तो जरा जास्तच जाड बसला आणि सगळे कण तेलात जाऊन राहिले. सकाळी बरणीत वर तेल, खाली पाणी.

आमच्या प्रमुख गेशं ब्रोडरसन बाईंनी बरणी उजेडात धरली. "ल्यूर्स, हे काय आहे?"

"तेल. आणि खाली पाणी."

"ते आपल्याकडे आधीपासून होतं."

कण ना धड पाण्याचा, ना धड तेलाचा असा अर्धवट लेपलेला हवा होता. ते प्रमाण सापडायला पुढचा सगळा हिवाळा गेला. सापडल्यावर हिनर्कने ते क्रीम गरम केलं, गोठवलं, यंत्रात गरगरा फिरवलं. फुटलं नाही. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने हेरिंग मासा दुसऱ्यांदा वाढून घेतला. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

मग क्रीम चाचणीच्या बायकांकडे गेलं. त्यांनी हातावर चोळलं आणि एकमताने सांगितलं, "फळा पुसल्यासारखं वाटतं." बाईंनी काम बंद केलं.

"बरं," हिनर्क म्हणाला. "उरलेल्या बरण्या?"

"फेकून द्या."

"माझ्या घरी फेकल्या तर चालतील?"

"चालतील."

आल्मूटने ते आधी कोपराला लावलं, मग एका बोटाला, मग दोन्ही हातांना. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसून राहिली.

"कसं वाटतंय?"

"खडूसारखं."

"आग?"

"नाही."

हिनर्क उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बाहेरची सायकल बघत उभा राहिला. सायकल शेजाऱ्याची होती, हे त्याने मला नंतर मुद्दाम सांगितलं.

वसंतात तिच्या भेगा भरल्या. फुलबाजारातल्या बाकीच्यांच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांना तर ते खडूसारखंच हवं होतं. तेलकट क्रीमने देठ निसटतात, सुरी निसटते. ट्यार्क नावाचा एक आडदांड ठोक फुलवाला सरळ कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"तो खडू कुठे मिळतो?"

ब्रोडरसन बाई खाली आल्या. "कसला खडू?"

"ल्यूर्सच्या बायकोचा. आम्हाला भरपूर लागेल."

क्रीम बाजारात आलं. कोरडेपणाची तक्रार बाईंनी डब्यावर ठळक अक्षरात छापली, गुण म्हणून. फुलवाल्यांमागोमाग बेकरीवाले आले, मग सुतार.

काही वर्षांनी हिनर्क निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या निरोपाला आल्मूट केक घेऊन आली. ब्रोडरसन बाईंनी तिचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "छान आहेत हो."

"आहेत. आता हा दुकानात बसणार म्हणतोय."

"मग मदतच होईल तुम्हाला."

"गुच्छ बांधून दाखवला काल त्याने," आल्मूट म्हणाली. "गिऱ्हाइकाने विचारलं, कोण गेलं?"

हिनर्कने केकचा आणखी एक तुकडा घेतला.