पंचावन्न की बत्तीस

"मरताना उरावर बांधून नेणार आहात का पंचावन्न इंची टीव्ही?"

असं मी यांना म्हणाले होते. तोंडावर.

आमच्याकडं आठवड्यानं नळाला पाणी येतं. त्या सकाळी आलं होतं. मोटर चालू, मी ड्रम भरतेय, दळणाचा डबा दारातच. आणि हे टेप घेऊन हॉलच्या भिंतीपाशी.

"बसतोय गं. इकडून चार बोटं, तिकडून चार बोटं."

"अन् पन्नास हजार कुठं बसतात?"

"रिटायरमेंटचे आहेत की."

"बत्तीस घ्या. दोन माणसं आपण. थेटर काढायचंय का?"

"तू आण बत्तीस. मी शेजारी जाऊन बघतो."

मी हसले नाही. पाणी जायच्या आत सगळं भरायचं होतं.

शेवटी मीच म्हटलं, दसऱ्याला बघू. आमच्या घरात मोठी वस्तू दसऱ्यालाच येते. फ्रिज तसाच आला, स्कूटर तशीच आली.

हे श्रावणात गेले. हार्ट अटॅक.

जुन्या टीव्हीच्या मधोमध हिरवी रेघ यायची. शेवटची मॅच त्यांनी त्या रेघेसकट पाहिली.

ती रेघ मला वर्षभर टोचली. खोटं कशाला बोलू.

वर्ष होईपर्यंत घरात नवं काही घ्यायचं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं, जेवणं उरकली, आणि मुलगा म्हणाला, "आई, आता पंचावन्नच आणू. पप्पांची इच्छा होती. पैसे मी देतो."

धाकटे भावजी म्हणाले, "एकट्या बाईला एवढा कशाला? वहिनी, जुनाच रिपेअर करून घ्या."

दोघांची तिथंच जुंपली. मला कुणी विचारेना.

चूक माझीही होती. सातवीत शाळा सुटली तरी लायब्ररीतून पुस्तकं आणून मी आयुष्यभर वाचलं. पण दुकानात जाऊन वस्तू कधी निवडली नाही. घ्यायचे ते, नको म्हणायचे मी.

मी म्हणाले, "ज्यांना पंचावन्न बघायचा होता ते नाहीत. त्यांच्या नावानं भिंत भरून काय करू? टीव्ही मी बघणार आहे. कितीचा घ्यायचा, मी ठरवते."

"लई शिकल्या वहिनी," भावजी म्हणाले.

"व्हय. उशिराच शिकले."

मुलगा म्हणाला, "बरं."

आज यांना जाऊन दोन वर्षं झाली.

अहो, तुमची हौस दसऱ्यावर ढकलायला नको होती. तेवढं माझं चुकलं. बाकी घर नीट चाललंय, काळजी करू नका. नमस्कार करते.

गेल्या वर्षी, वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटीच रिक्षानं दुकानात गेले. आमच्या हॉलएवढ्या अंतरावर खुर्ची ठेवायला लावली, बातम्यांची खालची पट्टी चष्म्याशिवाय वाचून पाहिली, आणि त्रेचाळीस इंची घेतला. सव्वीस हजार, माझ्या खात्यातून.