कराचीला जाणारं पान

आमच्या पानमळ्यात चपला घालून कोणी जात नसे. बाबा नाहीत, तोडणीच्या बायका नाहीत, माल उचलायला येणारा व्यापारीही नाही. कुंपणाच्या दाराशी चपला काढायच्या, हात धुवायचे, मगच वेलीला शिवायचं. पाळीच्या चार दिवसांत मला तर दारापर्यंतही मज्जाव. मी चिडायचे. बाबा म्हणायचे, "पानाला विटाल सोसत नाय." मला ते सोवळं कधीच पटलं नाही, पण त्या मळ्यावर त्यांचा जीव होता.

वसईच्या खाडीकाठचं आमचं पान कराचीला जायचं. ओल्या केळीच्या पानांत गुंडाळून करंड्या भरायच्या, त्या विमानाने तिकडच्या बाजारात. मग संसदेवर हल्ला झाला आणि नव्या वर्षापासून पाकिस्तानची विमानं बंद झाली. देश संतापला होता, आम्हीही संतापलो होतो. पण तो संताप सगळ्यांवर सारखा निघाला नाही. थोड्याच दिवसांत कानावर आलं, की टायर, रसायनं, यंत्रांचे सुटे भाग दुबईमार्गे बिनबोभाट कराचीला पोचताहेत. मोठ्या व्यापाऱ्यांची संघटना होती, तिची माणसं दिल्लीत ठाण मांडून बसली होती. जहाजांकडे कोणी डोळे वटारणार नाही, ही सोय त्यांनीच लावली होती. टायर दुबईहून फिरून गेला तरी काही बिघडत नाही. पान वाटेतच काळं पडतं.

मळेवाल्यांनी ठरवलं, मुंबईत पुढाऱ्याला भेटायचं. सत्तेतला माणूस, दिल्लीत वजन असलेला. बोलायला बाबांना पुढे केलं, आणि बाबांनी मला. मी बँकेत होते, रजा टाकली. निघताना बघते तर बाबांच्या हातात करंडी, एकेक पान निवडून भरलेली.

"ही कशाला?"

"हात हलवत कोनाच्या दारात जायचं नसतं."

पुढाऱ्याच्या कचेरीत व्यापारी संघटनेचे तिघे सुटाबुटातले गृहस्थ आमच्यानंतर आले आणि आमच्याआधी आत गेले. आतून हसण्याचे आवाज येत होते. पुढारी त्यांना दारापर्यंत सोडायला आला, एकाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जहाजांची काळजी सोडा." आमच्यासमोर म्हणाला! आमच्यापासून लपवावं एवढीही आमची किंमत नव्हती.

आम्हाला त्याने उभ्या उभ्याच ऐकलं. मी म्हणाले, शिक्षाच करायची तर सगळाच माल बंद करा, नाहीतर आमच्या करंड्यांसाठी एखादं विमान सोडा. तो ऐकता ऐकता करंडी उघडत होता. एक पान उचललं, देठ खुडला, खिशातल्या डबीतला चुना लावला, सुपारी टाकली.

"वा! असं पान मुंबईत मिळत नाही हो," तो चघळत म्हणाला. "पण देशासाठी थोडं सोसायला हवं."

माझ्या तोंडात शिव्या आल्या. आजही येतात. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "सोसू की, सायेब. पन सगल्यांनीच सोसाया पायजे ना?"

तो नुसता हसला. करंडी तिथेच राहिली.

जिना उतरताना मी बाबांवरच उखडले. "त्याला पान खाऊ घालायला आलो होतो का आपण?"

बाबा थांबले. "आपल्यात पान घेतलेला मानूस शब्द देतो," म्हणाले. "मला वाटलं, त्यालाबी ठाव असंल."

त्यानंतरही बाबा पान तोडत राहिले. वेल थांबत नाही, तोडावंच लागतं. तोडलेलं पान खताच्या खड्ड्यात जायचं. उन्हाळ्यात एका सकाळी मी बँकेत निघाले होते, तेवढ्यात मळ्यातून कोयत्याचा आवाज आला. दाराशी गेले. तिथे चपला नव्हत्या. त्या बाबांच्या पायात होत्या, आणि ते वेली बुंध्यापासून तोडत होते.

त्या दिवशी माझी पाळी होती. सवयीने मी दाराशीच थांबले. बाबांनी वळून पाहिलं, माझी अडचण ओळखली, आणि वाटेतून बाजूला सरले.

"ये आत," म्हणाले. "आता काय हाय?"