कुरणाचा अर्ज

कागदावर नसलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, हे वाक्य मी दिवाणी न्यायालयात कारकुनी करताना इतक्या वेळा ऐकले, आणि निवृत्तीनंतर इतरांना इतक्या वेळा ऐकवले, की ते मला खरेच वाटू लागले होते. त्या समजुतीपायी आमचे कुरण गेले. ज्यांनी ते घालवले त्यांच्याविषयीचा माझा संताप आजही शमलेला नाही. आणि त्यांतून मला स्वतःला वगळता येत नाही.

धुळे-चाळीसगाव रस्त्यापासून कोसभर आत, नाल्याच्या दोन्ही अंगांना ते पसरले होते. पावसाळ्यात गवत कमरेला लागे. आषाढात तेथे तणमोर हे गवताळ रानातले पक्षी उतरत. नर गवतातून पुरुषभर उंच उसळी घेई आणि पुन्हा दिसेनासा होई. मादी खाली जमिनीवरच अंडी घाली. म्हणून आषाढापासून दिवाळीपर्यंत कुरण बंद. हा ठराव कोणत्याही कचेरीत झालेला नव्हता. मेंढपाळ, नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीतली माणसे आणि बाजारासाठी गवत कापणाऱ्या आमच्या गावच्या बायका यांनी तो आपसात केला होता. वाचनालयातली आम्ही चार निवृत्त मंडळी त्यांना नंतर जाऊन मिळालो. हद्दीवरच्या बाभळींना गवताच्या जुड्या बांधल्या की कुरण बंद. त्यानंतर जो आत जाईल, त्याने आठ दिवस बाभळीखाली राखणीला बसायचे.

पहिल्याच वर्षी ती शिक्षा मला झाली. उसळी जवळून पाहण्याच्या मोहाने मी दहा पावले आत गेलो, तोच मेंढपाळांचे म्हातारे प्रमुख, ज्यांना सगळे नाना म्हणत, मागून ओरडले, "आबा, तुम्हले वाचता येस ना? मंग ही जुडी दिखनी नही का?"

गवतवाल्या बायकांची पुढारी अक्का हसून म्हणाली, "बसू द्या. कोर्टमा लोकसले उभं करेत, आते सोता बसा आठ दिन."

मी बसलो. साक्षीदार नाही, तारीख नाही, अपील नाही, आणि तरीही निवाडा पाळला जातो, हे मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. याचा आदर करून मी थांबायला हवे होते. त्याऐवजी मी सातबारा पाहिला. त्यावर 'सरकारी पडीक' एवढेच होते, आणि माझी झोप उडाली.

कुरण राखण्याच्या या रिवाजाची सरकारी नोंद व्हावी, असा वनखात्याला अर्ज मी तीन वेळा लिहिला आणि बाभळीखाली सर्वांना वाचून दाखवला. नाना म्हणाले, "तोंडवर चालस, मंग कागद कशाला?"

"नाना, आपण किती दिवस पुरणार? कागद मागे राहतो."

त्यांनी अंगठा दिला. अक्कानेही दिला, वस्तीतल्या माणसांनीही दिला. गावकऱ्यांचा संयम सिद्ध व्हावा म्हणून मी एक वाक्य मुद्दाम घातले होते: 'सदर क्षेत्रात वर्षातील चार महिने कोणीही जनावर चारत नाही, गवत कापत नाही, किंबहुना पाऊलही ठेवत नाही.' त्या वाक्याचा मला अभिमान होता.

उत्तर आले ते उन्हाळ्यात. 'आपण स्वतः नमूद केल्याप्रमाणे सदर क्षेत्र स्थानिकांच्या नियमित वापरात नसल्याने ते वृक्षलागवडीसाठी निवडण्यात येत आहे. निसर्गाविषयीच्या आपल्या तळमळीबद्दल आभार.' त्याच आठवड्यात मजूर आले. गवताची मुळे उपटून त्यांनी दोरी लावून सरळ रेषेत खड्डे खणले.

मी एसटीने धुळे गाठले. वनखात्याचे साहेब तरुण होते, उर्मट नव्हते. याचाच मला अधिक राग आला. ते म्हणाले, "आजोबा, आम्ही झाडं लावतोय, तोडत नाही. झाडांना विरोध करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

"गवत हेही रान आहे," मी म्हणालो. "तेथे पक्षी अंडी घालतो."

"मग झाडावर घालेल की."

मनाईहुकूम मागावा म्हणून एका वकिलांकडे गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तुम्हीच दाखल केला आहे. सहीनिशी. आणि सगळ्यांच्या अंगठ्यांनिशी."

त्यानंतर मी स्मरणपत्रे लिहिली, निवेदने लिहिली, वरिष्ठांकडे दाद मागितली. पोच येत असे. पावसाच्या तोंडावर निलगिरीची रोपे आली. गावात मला कोणी दूषण दिले नाही. अक्का दूरच्या बांधांवर गवताला जाऊ लागली. वाटेत भेटली की "बरं शे ना, आबा?" एवढेच विचारी. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

आषाढात एक तणमोर आला. रोपांच्या ओळींमधून त्याने उसळी घेतली, आणि खाली उतरला तो उघड्या मातीवर. लपायला काही नव्हते. तो तसाच उभा राहिला, मला स्पष्ट दिसेल असा. मी लागवडीच्या कुंपणाबाहेर होतो. या वेळी एक पाऊलही आत टाकले नव्हते. दोन दिवस तो दिसला. तिसऱ्या दिवशी नाही.

चौथ्या दिवशी मी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन हद्दीवरच्या बाभळीखाली जाऊन बसलो. लागवडीवरच्या रखवालदाराने काय काम आहे ते विचारले. मी सांगितले नाही. दुपारी नाना मेंढ्या घेऊन लांबच्या वाटेने चालले होते. मला पाहून थांबले. त्यांना सांगावे लागले नाही.

"आठ दिनमा काय व्हई, आबा?" ते म्हणाले, आणि मेंढ्यांमागे निघून गेले.