कमलकाकींचा कच्चा पाय

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं साठतात, तसे ते साठत जातात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये तर लयच. क्लास जुबेदाभाभींचा. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, आता हाताखालची मास्तरीण. आणि आमचे अर्धे किस्से एकट्या कमलकाकींचे.

काकी आष्ट्याच्या, घरचा ऊस. नवरा फौजेत ड्रायव्हर. रिटायर होऊन घरी आला आणि लकव्यानं उजवी बाजू गेली. त्याला फिजिओथेरपीला सांगलीला आणायचं म्हणजे दर खेपेला कुणाची तरी मनधरणी. म्हणून साठीला टेकलेल्या काकी शिकायला आल्या.

भाभींनी विचारलं, "काकी, आधी काय चालवलंय?"

"घर."

*

क्लासच्या गाडीवर काकी झकास तयार झाल्या. मग भाच्यानं आटपाडीहून त्यांना एक जुनी गाडी आणून दिली. तिचा ॲक्सिलरेटर भलता जड. दाबला तर हलायचा नाही, जोर लावला की एकदम खाली जायचा. पहिल्याच फेरीत गाडीनं उडी मारली ती भेळेच्या गाड्यापाशी. काकींनी ब्रेक दाबला म्हणून हातभर अंतरावर थांबलो. मी शेजारी घामाघूम.

भेळवाल्यानं काचेतून वाकून विचारलं, "तिखट करू का मध्यम?"

काकी म्हणाल्या, "आधी पाणी दे."

*

मग निदानं सुरू झाली. भाचा म्हणाला, जुन्या गाड्या अशाच असतात. एका मेकॅनिकनं पेडलला तेल सोडलं, पण लगेच पुन्हा तेच. दुसऱ्यानं गाडीकडं बघितलंच नाही, काकींच्या पायाकडं बघितलं. घरी नवराही पलंगावरनं म्हणाला, "गाडीला काय झालं न्हाई. तुझा पाय कच्चा हाय."

काकी यायच्या बंद झाल्या. परत आल्या त्या गाडी विकायचं ठरवूनच. भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

"काकी, रानातनं वैरणीचा भारा कोण आणतं?"

"मीच की."

"ह्याच पायांनी?"

"व्हय."

"मग पायाला न्हाई, गाडीला दवाखान्यात नेऊ."

*

दवाखाना म्हणजे क्लासचं अंगण. भाभींनी गाडी बंद ठेवली, बॉनेट उघडलं आणि बॅचच्या सगळ्या बायकांना भोवती उभं केलं. पेडलपासून इंजिनापर्यंत एक केबल जाते. ती त्यांनी दोन्ही टोकांना सोडवली. इंजिनाकडची चकती काकींना बोटानं फिरवायला लावली. ती लोण्यासारखी फिरली. मग नुसतं पेडल दाबायला लावलं. तेही हलकं.

"इथं दुखत न्हाई, तिथं दुखत न्हाई. मग ऱ्हायलं काय?"

"मधलं," काकी म्हणाल्या आणि केबलवर हात फिरवत निघाल्या. बॅटरीपाशी हात थांबला. आधीच्या मालकानं मापापेक्षा मोठी बॅटरी बसवली होती आणि तिच्यामागं केबल चेपून मुडपली होती.

"फवारणीच्या पंपाची नळी अशी मुडपली की औषध आडतं," काकी म्हणाल्या, "आन मग एकदम उडतं."

भाभींनी हात पुसले. "आमच्याकडं पेशंटच निदान करतो."

नवी केबल पडली, बॅटरी मापाची आली. काकी बसल्या आणि गोंधळल्या. "भाभी, दाबलाय का न्हाई तेच कळंना."

*

लायसन्सच्या परीक्षेला काकींनी गाडी पाण्यासारखी नेली. साहेबांनी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"होती ती जुन्या केबलीबरोबर गेली, साहेब."

साहेबांना काहीच कळलं नाही. पास केलं.

*

नवऱ्याला घेऊन पहिली खेप करायची होती तेव्हा काकींनी मला सोबतीला मागं बसवलं. बायको चालवतेय आणि तो डाव्या सीटवर, असं जन्मात झालं नव्हतं. आष्ट्याच्या स्टँडवर ओळखीची माणसं उभी होती, तिथनं काकी गाडी न थांबता सरळ काढून आल्या. सांगलीपर्यंत गिअर पडला की तो नुसता कान द्यायचा. काकींची नजर रस्त्यावर, पण गिअर टाकला की एकदा त्याच्याकडं.

दवाखान्याच्या दारात गाडी लागली. मी उतरून दार उघडलं. तो जागचा हलेना.

"आवं, उतरा की," काकी म्हणाल्या. "डॉक्टर वाट बघत्यात."

"बघू दे," तो म्हणाला. "आधी माघारी आष्ट्याला चल. स्टँडवर लोकांनी तुला नीट बघितलं न्हाई."